जड तोफवाल्यांची पायपीट

लेम्युएल स्ट्राउट जड तोफांच्या स्वयंसेवक पलटणीत भरती झाला तो एकाच कारणाने: जड तोफ एका जागी असते. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर पिंपं बनवण्याचा त्याचा धंदा. पाय सपाट, मैलभर चालला तरी टाचा बोंब मारायच्या. भरती करणाऱ्या गृहस्थाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "अरे बाबा, ही तोफ हलवायची तर बैलांची रांग लागते. तिला सोडून तू कुठं जाणार आहेस?"

पहिली दोन वर्षं त्या माणसाचा शब्द खरा ठरला. वॉशिंग्टनभोवतीच्या टेकड्यांवर मातीचे किल्ले होते, त्यातल्या एकात पलटण जाऊन बसली ती बसलीच. दक्षिणेकडच्या राज्यांतले बंडखोर तिकडे फिरकले नाहीत. तोफ पुसायची, तोफेला तेल द्यायचं, रविवारी फिरायला आलेल्या बायकांना तोफेचं तोंड दाखवायचं, हेच युद्ध. लेम सार्जंट झाला. त्याच्या खोलीत शेगडी आली, आरसा आला, पिसांची उशी आली, खिडकीला फुलाफुलांचा पडदा लागला. शनिवारी संध्याकाळी तो जमिनीत खड्डा करून निखारे भरायचा आणि बिडाच्या भांड्यात घेवड्याचे दाणे, खारवलेलं डुकराचं मांस नि काकवी घालून भांडं पुरून टाकायचा. सकाळी झाकण उघडलं की कॅप्टन थर्लो 'सहज आलो होतो' म्हणत दारात हजर. कॅप्टन मुळात शाळामास्तर. तोफेचं गणित त्यांना तोंडपाठ होतं, फक्त ते कुणावर वापरायची वेळ आली नव्हती.

मे महिन्यात वरून हुकूम आला. दक्षिणेत पायदळाची माणसं गवतासारखी कापली जात होती. तोफवाल्यांनी बंदुका उचलाव्यात आणि चालू पडावं.

"चालत, साहेब?" लेमने विचारलं.

"तोफेवर बसून कसं जाता येईल, स्ट्राउट?" कॅप्टन म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरलाच होता.

व्हर्जिनियाच्या रस्त्यावर ही पलटण उतरली तेव्हा बाजूला बसलेल्या जुन्या शिपायांना वाटलं, मोठं सैन्यच आलं. त्यांच्या स्वतःच्या पलटणी लढून लढून मूठभर उरल्या होत्या. इथे कोरे कोट, चकाकणारी बटणं, पांढरे हातमोजे, आणि पाठीवर संसार.

"पलटण आहे का लग्नाचं वऱ्हाड?" एकाने विचारलं.

"वऱ्हाडच. नवरदेव तेवढा ओळखू येईना."

"काय हो, निघताना किल्ल्याला कुलूप लावलंत ना?"

लेमने मान ताठ ठेवली. उन्हाने डोकं तापलं होतं, टाचा केव्हाच बोंबलायला लागल्या होत्या, आणि पाठीवर भांडं आदळत होतं. एवढ्यात एक वाळका, दाढीवाला शिपाई येऊन त्याच्या बरोबरीने चालू लागला. त्याच्या विजारीत मूळ कापड कुठलं नि ठिगळ कुठलं, सांगता आलं नसतं.

"हायरम बॉगर्ट, मिशिगनचा," तो म्हणाला. "उशी कधी टाकणार, सार्जंट?"

"टाकणार नाही."

"बरं. मला घाई नाही."

पुढच्या ओढ्यापाशी उशी गेली. हायरमने ती हळूच उचलून काखेत मारली. चढावर आरसा गेला, मग जादा बूट, मग घरून आलेली गोधडी. आख्खी पलटणच रस्त्यावर घर रिकामं करत होती. कुणाची शाईची दौत, कुणाचा बुद्धिबळाचा पट. मागे जुने शिपाई खळ्यात कोंबड्या टिपतात तसे टिपत येत होते. हायरमने मात्र लेमला सोडलं नाही.

"ते भांडं जड असेल," तो म्हणाला.

"त्याला हात लावलास तर बघ."

"लावत नाही रे. शेजारून चालतो नुसता. त्यात काय शिजवतोस?"

लेमने सांगितलं. काकवीचा उल्लेख आला तसा हायरम आणखी जवळून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका शेतात बंडखोर समोर आले. तोफवाल्यांना आजवर कुणी गोळी मारली नव्हती. कवायतीत शिकवलं होतं तसे ते सरळ रेषेत, खांद्याला खांदा लावून उभे राहिले. कॅप्टन थर्लोंनी तलवार उपसली आणि सवयीने ओरडले, "तोफ भरा." मग खाकरून म्हणाले, "म्हणजे, बंदुका." कुणी हसलं नाही. गोळ्या आल्या. माणसं पडू लागली, आणि उरलेली रेष पुन्हा नीट करून उभी राहिली, कारण दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

शेजारचे दोघे उभे होते म्हणून लेमही उभा होता. मागून मदतीला आलेल्या मिशिगनवाल्यांत हायरम होता. तो आडवा पडून ओरडत होता, "खाली पड, गाढवा. उभं राहून मरायचे जादा पैसे मिळत नाहीत."

"हुकूम नाही," लेम म्हणाला.

हायरम सरपटत आला आणि त्याने लेमच्या दोन्ही घोट्यांना धरून खेचलं. लेम तोंडावर आपटला, पुढचा दात हलला. वर बघतो तर शेजारचे दोघे आता नव्हते.

मग त्याने आडवं पडून बंदूक भरायला शिकून घेतलं. हायरमने शिकवलं, शिव्या देत देत. संध्याकाळपर्यंत बंडखोर झाडीत परतले. तोफवाले एक पाऊलही मागे सरले नव्हते. ते शौर्य होतं की अडाणीपणा, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. लेमचं मत दोन्ही असं होतं.

जखमींना पाणी हवं होतं. लेमने भांडं ओढ्यावरून भरून आणलं, पुन्हा आणलं, मग ते एका डॉक्टरच्या माणसाने मागितलं आणि जखमींच्या गाडीबरोबर गेलं ते गेलंच. लेमला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी त्याला भांड्याहून मोठं बरंच काही हरवल्यासारखं वाटत होतं. हळहळला हायरम.

"तू दिलंस? असंच?" तो म्हणाला. "अरे, मी दोन दिवस त्याच्यासाठी चाललो."

"तुला चोरायचं होतं ना?"

"चोरून करू काय? मला पाणीसुद्धा करपवता येतं. जेवायला बोलावशील अशी आशा होती."

त्या रात्री मिशिगनवाल्यांनी शेकोटीभोवती सरकून जागा केली. कुणी वऱ्हाडाचं नाव काढलं नाही. कॅप्टन थर्लोंनाही कुणीतरी कॉफीचा डबा पुढे केला आणि ते हातमोजे काढून बसले.

उन्हाळाभर पलटण चालली, खणली, लढली. मग व्हर्जिनियातल्याच पीटर्सबर्ग शहराच्या वेढ्यात कुणाला तरी आठवलं की हे लोक तोफवाले आहेत, आणि त्यांना एक बुटकी, गलेलठ्ठ तोफ मिळाली. शेजारच्या खंदकात मिशिगनवाले होते. तोफवाले खरोखर तोफ डागणार म्हणून हायरम जागा धरून बघायला बसला.

कॅप्टन थर्लोंनी हवेचा अंदाज घेतला, मनात गुणाकार केला, दारूचं माप सांगितलं. लेमने दोरी ओढली. जमीन हादरली. गोळा आभाळात गेला, निवांत वळला, आणि दोन्ही सैन्यांच्या मधल्या डबक्यात पडला. चिखलाचा एक उंच फवारा उडाला आणि दोन्हीकडच्या खंदकांवर सारखाच बरसला.

मग पलीकडच्या बंडखोरांकडून टाळ्या आल्या.

"अंतर जरासं कमी पडलं," कॅप्टन चष्मा पुसत म्हणाले.

हायरम दाढीतला चिखल निपटत होता. "लेम," तो म्हणाला, "तोफ डागण्यापेक्षा तू चालतोस बरा."

दुसरा गोळा जागेवर पडला. मग पलीकडच्यांनी टाळ्या थांबवल्या आणि उत्तर दिलं. उरलेली दुपार तिघांनी एकाच खड्ड्यात डोकी खाली घालून काढली. कॅप्टन थर्लो दर धमाक्यानंतर शत्रूच्या नेमाचं गणित तपासत होते, आणि ते बरोबर निघालं की त्यांना राहवत नव्हतं, ते हळूच म्हणायचे, "छान."