टेलिफोनबाईंचा उजवा कान

मी कानाची मशीन. दुसऱ्यांचं बोलणं आत पोचवण्यातच माझा जन्म चाललाय. आज मात्र माझं स्वतःचं सांगणार आहे. आकाराने मी शेंगदाण्याएवढी, म्हणून कुणी मला कमी लेखू नये.

मी ठशातून जन्मले. एका कानात मऊ लगदा भरला, तो घट्ट झाला, आणि त्यावरून एका कारागीर बाईने भिंगाला डोळे लावून मला घडवलं. माझी कड तिने इतकी गुळगुळीत घासली की कानाला कुठे टोचू नये. माझ्यात तसूभर खोट नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगते.

तो कान टेलिफोनबाईंचा. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन ऑफिसात लाइनी जोडून दिल्या. समोर माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज. "थांबा हं, देते जोडून," एवढंच त्या म्हणायच्या. पण अशा म्हणायच्या की पलीकडच्या घाबरलेल्या माणसाला धीर यायचा. निवृत्तीनंतर नेमके त्यांचेच कान गेले. डावा पार गेला, उजव्यात थोडी धुगधुगी राहिली.

तरी मशीन नको म्हणून बाई अडून बसल्या होत्या. मग यजमानांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तो तसाही कुजबुजीवर आला होता. ऑपरेशनला तीन आठवडे होते. बाई मुलीला म्हणाल्या, "चल, घेऊ ती मशीन. जाण्याआधी त्यांचा आवाज मला पोटभर ऐकायचाय."

दुकानात मुलगी बाहेर फॉर्म भरत बसली. आत मशीन बसवणाऱ्या साहेबाने मला बाईंच्या कानात घातलं आणि संगणकावर बोट दाबून जागं केलं. बाईंना ते सांगायची तसदी काही घेतली नाही. त्याच्या लेखी त्या अजून बहिऱ्याच! काउंटरवरच्या पोरीकडे वळून तो म्हणाला, "या म्हातारीला शिकवत बसलो तर माझ्या जेवणाचे बारा वाजले. आणि शिकवून तरी काय? डबीतच पडून राहणार ही." पोरगी फिस्सकन हसली.

मी काय करणार? शब्द न शब्द, त्या हसण्यासकट, आत पोचवला. चार वर्षांनी बाईंच्या कानावर स्वच्छ पडलेलं पहिलं बोलणं ते.

"ऐकू आलं," बाई म्हणाल्या.

"बघा आजी! आहे की नाही मशीन एक नंबर?"

"मशीन चोख आहे. दुरुस्ती तुझी करायला हवी."

मला काढून त्यांनी डबीत टाकलं. मुलगी "अगं आई, झालं काय?" करत धावली, तोवर बाई अर्धा जिना उतरल्यासुद्धा.

घरी डबी गेली कपाटात, स्वेटरांखाली. तिथूनही मला सगळं ऐकू यायचं. यजमान कुजबुजायचे, बाई "काय?" म्हणायच्या, ते जोर लावायचे आणि खोकत सुटायचे. मग ते कागद पुढे करायचे, की बाई तो सारून म्हणायच्या, "लिहायला पुढे जन्म पडलाय. बोला हो!"

"आई, मशीनवर कसला राग काढतेस?" मुलगी वैतागायची.

"मशीनवर नाही गं. ती कानात घालायला गेले की ते हसणं आधी आत शिरतं."

आठवडाभराने मला काही ऐकू येईनासं झालं. माझ्या पोटात इवलासा सेल असतो. मशीन काढून ठेवली की त्याचं झाकण उघडं ठेवायचं, नाहीतर तो वापराविना संपतो. हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा जेवायला गेला होता.

पुढचं मला मुलीच्या बोलण्यातून कळलं. ऑपरेशनच्या सकाळी बाईंनी अभिमान गिळला, मला कानात घातलं. स्ट्रेचरवरून यजमानांनी त्यांना हात धरून जवळ ओढलं आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागले. बराच वेळ बोलले. मुलगी दाराशी नर्सच्या कागदांवर सह्या करत होती. बाई बोटाने मला दाबत होत्या, वळवत होत्या. "अहो, जरा दम धरा, ही लागत नाहीये! परत सांगा!" त्यांनी परत सांगितलं. आणि स्ट्रेचर हललं.

मी पूर्ण वेळ त्याच कानात होते. मढ्यासारखी.

यजमान बरे होऊन घरी आल्यावर बाई मला घेऊन दुकानात गेल्या. नवा सेल पडला, मी जागी झाले, तो साहेबाचाच आवाज. "मशीनमध्ये काहीच दोष नाही हो आजी. झाकण उघडं ठेवायचं असतं, सांगितलं नव्हतं का?"

"नव्हतं सांगितलं," काउंटरवरची पोरगी हळूच म्हणाली.

"मशीनमध्ये दोष नाहीच," बाई म्हणाल्या. "म्हणून तर त्या दिवशी तू मला म्हातारी म्हणालास, तुझ्या जेवणाचं बोललास, ते सगळं ऐकू आलं."

साहेबाचं तोंड उतरलं. बाईंनी खुर्ची ओढली. "आता बस. पहिल्यापासून सांग. झाकण कुठलं, सेल कुठला, सगळं. आणि माझ्याकडे बघून सांग."

त्याने सांगितलं. मान खाली घालून का होईना, नीट सांगितलं. पण एवढं सगळं आधीच सांगायला काय झालं होतं?

आता मी रोज कानात असते. यजमानांच्या गळ्यातल्या भोकातून श्वास फुसफुसतो, तो मी आत पोचवते. त्यांचं पेन कागदावर खरखरतं, तेही. परवा बाईंनी विचारलं, "त्या दिवशी काय म्हणालात हो?" पेन थोडं चाललं, थांबलं, मग खरडून खोडल्याचा आवाज आला. दुसरा कागद त्यांनी पुढे केला. बाईंनी मोठ्याने वाचला: "असंच, काहीतरी."

वस्तू विकणाऱ्यांनो, विनवणी करायचा माझा स्वभाव नाही, बजावून ठेवते. घडवणारी माझ्यात सगळं ओतून मोकळी झाली होती. पुढचं तुमच्या जिभेवर होतं. समोर आलेला माणूस कशासाठी आलाय, एवढं तरी विचारत जा. बाई एका माणसाचा आवाज न्यायला आल्या होत्या.

माझ्यातून आता कोपऱ्यातल्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येते. त्या माणसाचा आवाज तेवढा नाही.