विकायची नसलेली सायकल

आमच्या दुकानात उभी असलेली प्रत्येक सायकल विकायची असते, हा सासऱ्यांचा नियम. गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की विषय संपला. लग्नानंतर महिनाभरात त्यांनी नवऱ्याची सायकल त्याच्या बुडाखालून विकली आणि तो चक्क हसला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मला छापखान्यात नोकरी लागली. पहाटेची पाळी, छापखान्याचं फाटक गावाबाहेर, त्या वेळी बस नाही. सायकल हवीच. सासरे म्हणाले, "तूच तयार कर की! लागेल तो माल घे, घरचंच दुकान आहे." वाकडी चाकं सरळ करणारी घरात मी एकटी, हे मात्र ते बोलले नाहीत.

पहिली सायकल मी हौसेने केली. चकचकीत गिअर, हलकी फ्रेम, सगळं भारीतलं. आम्ही राहतो दुकानामागच्या खोलीत, तिथे सायकल मावत नाही, म्हणून ती दुकानातच ठेवली. जेवून बाहेर येते तर ती विकलेली.

"अगं, दुसरी करशील की," नवरा म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मी डोकं चालवलं. दिसेल ते सगळं स्वस्तातलं घेतलं: चिखलाच्या रंगाची फ्रेम, रेक्झिनची सीट, घसा बसलेली घंटा. पण ज्याच्या भरवशावर रोज अंधारात जायचं, तिथे काटकसर केली नाही. ब्रेक उत्तम, रिम मजबूत, आरे जाड, बेअरिंग दुकानातलं सगळ्यात महाग. नुसतं ध्यान दिसत होती. सासऱ्यांनी नाक मुरडलं आणि मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मला निघायचं होतं.

संध्याकाळी एक पोस्टमन हवा भरायला आला. जाता जाता त्याने माझ्या सायकलचं मागचं चाक सहज उचलून फिरवलं. आवाज नाही, डुगडुग नाही. चाक थांबायचं नावच घेईना. थांब रे बाबा, मी मनात म्हणत होते.

"ही केवढ्याला?"

"ती माझी आहे," मी म्हणाले.

"असं काय करतेस? गिऱ्हाईक आहे ते," सासरे हसले. "न्या हो तुम्ही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो साखळीला तेल लावत होता, मघाशीच लावून झालेल्या.

पोस्टमन गेल्यावर सासरे खुशीत माझ्याजवळ आले. "सूनबाई, कमाल केलीस! त्याचे सोबतीही येणार म्हणाला. आता अशाच करत जा. त्या छापखान्याची दगदग हवीय कशाला?"

बेअरिंग स्वस्तातलं घातलं असतं तर चाक खरखरलं असतं. पोस्टमन तसाच निघून गेला असता. चार महिन्यांत सायकल खिळखिळी झाली असती, पण पहाटे मी तिच्यावर बसून फाटकातून आत गेले असते.

"मग? कधी होईल पुढची?" सासऱ्यांनी विचारलं.

मी नवं चाक मांडीवर घेतलं. स्वस्तातल्या बेअरिंगचा डबा हाताशीच होता. माझा हात त्याच्यावरून पुढे गेला आणि त्याने महागातलंच उचललं.