येसरचा एकच भाव

शिल्पाच्या हिशेबात वेबसाइटचा खर्च होता दोन हजार नऊशे, आणि नफा होता सासूचा उजवा खांदा.

जळकोटात लग्न निघालं की येसर सासूबाईचं, म्हणजे केवळाबाईचं, हे ठरलेलं. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून ती उखळात कांडायची. त्या येसरच्या आमटीशिवाय तिकडे पंगत उठत नाही. पण वीस वर्षं मुसळ उचलून खांदा जायला आला होता. डॉक्टर म्हणाले, मुसळ सोडा. केवळाबाई म्हणाली, त्यापेक्षा डॉक्टर सोडते.

कांडप यंत्र पंचेचाळीस हजारांचं. दहा हजार बयाणा शिल्पानं भिशीतून डब्यात जमवला होता. उरलेले हप्त्यानं फेडायचे, तर जळकोटाबाहेरचं गिऱ्हाईक हवं. म्हणून वेबसाइट.

बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणारा धम्मदीप ती स्वस्तात करून देत होता. वेबसाइटच्या नावाचे वर्षाला नऊशे, मजुरी दोन हजार. एकच पान, मांडणी फुकटातली, फोटो शिल्पाच्याच मोबाइलवर ओसरीच्या उजेडात काढलेले. गाडी अडली ती भावावर.

"मी माणूस बघून भाव सांगते," केवळाबाई म्हणाली.

"मावशी, वेबसाइटला माणूस दिसत न्हाई," धम्मदीप म्हणाला.

"मंग आंधळीला दुकानात कशाला बसवतोस?"

शिल्पानं वर्षाची वही काढली, आलेल्या पैशाला विकलेल्या किलोंनी भागलं. चारशे आले, तेच टाकले. भागाकार अगदी बिनचूक होता, आणि तिथंच चुकलं.

तिसऱ्या दिवशी खताचे दुकानदार संगमेशअप्पा मोबाइल पुढं धरून दारात हजर. "काकू, इथं चारशे, आणि आमच्या लेकीच्या, अक्षराच्या लग्नात माझ्याकडून सहाशे घेतले! वीस किलोचे चार हजार जास्तीचे गेले की! परत द्या, न्हाई तर बाजारात सांगतो."

शिल्पाची नजर बयाण्याच्या डब्याकडं गेली. दहातले चार दिले तर यंत्र गेलं. यंत्राचा लातूरचा दुकानदार सोमवारपर्यंतच थांबणार होता. न दिले तर लग्नसराईच्या तोंडावर नाव गेलं.

तेवढ्यात जीपवाला सटवाजी आला. त्याच्याही हातात मोबाइल, दुसऱ्या हातात नोटा. "मामी, हे हजार धरा. पाच किलो मला दोनशेनं दिलंत. मी म्हणतोय भांडून जिंकलो, तुमी तर दान केलं! मी कुणाचं फुकट खात न्हाई."

"ह्याला दोनशे?" अप्पांचा आवाज चढला.

"त्यो दीड तास भांडला, अप्पा. तीनदा चहा झाला, दोनदा पायताण घालून उठला. तुमी व्याह्यांसमोर म्हणालात, भाव काय विचारायचा, व्हतील तेवढे घ्या. झाले तेवढे घेतले."

दोनशेवाले आणखी चौघं वहीत होते, सगळे हातावर पोट असलेले. त्यातल्या एकानंही भावासाठी तोंड उघडलेलं नव्हतं. शिल्पानं वही हळूच मिटली.

सटवाजी खुदकन हसला. "अप्पा, भावच केला न्हाई?"

"आता करतो! चार हजार."

"पाचशे," केवळाबाई म्हणाली.

"बरं, साडेतीन."

"पाचशे."

"तीन?"

सटवाजीला बघवेना. "अवं अप्पा, असं न्हाई! उठा. पायताण घाला. निघाल्यावानी करा." अप्पांनी पायताण घातलं, निघाल्यावानी केलं, चहासाठी माघारी आले. पाऊण तासानं सौदा हजारावर पटला. केवळाबाईनं सटवाजीचेच हजार उचलून अप्पांच्या हातात ठेवले. अप्पा बाजारात गेले ते सांगत, केवळाबाईकडून हजार काढले, लेकाहो! त्या आठवड्यात चार नवी गिऱ्हाइकं नुसती भाव करायला आली आणि येसर घेऊन गेली.

शिल्पानं चारशेखाली एक ओळ वाढवली: भाव करायचा असल्यास फोन करावा, फुरसत काढून करावा. नांदेडहून पहिली ऑर्डर आली, बारा किलोची. त्या माणसानं न बोलता चारशेनं पैसे पाठवले. केवळाबाई हळहळली. "एक शब्द बोलला न्हाई गं. त्याला चव तरी कळंल का?"

यंत्र लातूरहून सटवाजीच्या जीपमधून आलं. भाडं आठशे होतं.

"भाव काय विचारायचा," केवळाबाई म्हणाली, "व्हतील तेवढे घे." आणि त्याच्या खिशात नोटा कोंबल्या. त्यानं मोजल्या तर अठराशे. तो भांडायला तोंड उघडतोय तोच तिनं यंत्राचं बटण दाबलं. त्या आवाजात तो काय म्हणाला ते अजून कुणाला कळलेलं नाही.

तर शेवटचा हिशेब असा. अप्पांचे तीन हजार गेले, पण ते एक कमावल्याच्या आनंदात आहेत. सटवाजीचे हजार अप्पांकडं गेले आणि जीपभाड्यातून त्याच्याकडं परत आले. वेबसाइटचे दोन हजार नऊशे शिल्पानं भरले. आणि भाड्यावरचे जादा हजार केवळाबाईनं दिले, उजव्या हातानं.