दाबायला मनाई नव्हती

थांबा जरा! थांबवणं हाच माझा धंदा आहे. मी कारखान्यातलं लाल बटण बोलतोय.

माझा जन्म एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाला. तिथल्या कारागिराने मला तळहाताने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "लेका, तुझ्या भरवशावर माणसं मशीनमध्ये हात घालणार आहेत. नीट राहा." मी नीटच राहिलो. आजवर एकदाही अडकलो नाही. ही फुशारकी मी मारणारच, कारण इथे आपलं काम चोख करणारे थोडेच आहेत.

या कारखान्यात पातेल्यांची झाकणं बनतात. मला बसवलं त्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषण ठोकलं. "काही चुकतंय असं दिसलं की कुणीही हे बटण दाबा. सगळा कारखाना थांबला तरी बेहत्तर. मी तुमच्या पाठीशी आहे!" मुकादमाने टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. फोटोसाठी साहेबांनी माझ्यावर बोट टेकवलं. हा गृहस्थ नुसता तोंडाचा पाटील आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझ्या शेजारी पत्रा दाबून झाकण घडवणारी प्रेस आहे, तिच्यावर एक नणंद आणि तिची भावजय कामाला होत्या. घरी एका स्वयंपाकघरात, इथे एका मशीनवर. धुसफूस दोन्हीकडे सारखीच, पण एकीवाचून दुसरीचं पान हलायचं नाही. प्रेसपुढे एक जाळी असते. ती उघडी असताना प्रेस खाली येता कामा नये, म्हणजे हात वाचतात. एका सकाळी जाळी उघडी असतानाच प्रेस धाडकन खाली आली. भावजयीने मागचापुढचा विचार न करता मला दाबलं. सगळा कारखाना चिडीचूप झाला. काय छाती फुगली होती माझी!

साहेब काचेच्या केबिनमधून तरातरा खाली आले. काय बिघडलं, कुणाला लागलं का, यातलं काही नाही. पहिला प्रश्न, "कोणी दाबलं?"

"मी, साहेब. जाळी उघडी होती तरी प्रेस..."

"अस्सं? छान, छान." साहेब हसले, घड्याळात बघितलं आणि मुकादमाला म्हणाले, "आजचा माल आजच गेला पाहिजे."

मुकादमाला तेवढं पुरलं. जाळीचा बिघडलेला खटका तारेने बांधून त्याने प्रेस चालू केली आणि भावजयीला भंगार निवडायला पाठवलं. कुणी तिला रागावलं नाही. साहेबांच्या सभ्यपणाला अशी कामं आवाज न करता उरकता येतात.

"वहिनी, कशाला नसता शहाणपणा केलास?" नणंद जेवणाच्या सुट्टीत म्हणाली. "आता बस पत्रे निवडत!" साहेबांचं भाषण कुणाच्या लक्षात नव्हतं, पण तो एक प्रश्न सगळ्यांना पाठ झाला होता.

पुढे ती तार सैल पडली, खटका पुन्हा दगा देऊ लागला. नणंदेला ते दिसलं. तिचा हात माझ्यापर्यंत आला, तिच्या तळव्याची ऊबही मला लागली. दाब बाई, दाब! पण तिने मान वर करून केबिनकडे बघितलं आणि हात मागे घेतला. "एवढा माल निघून जाऊ दे," असं पुटपुटत तिने वाकडं बसलेलं झाकण सरळ करायला हात आत घातला.

किंकाळी ऐकून भावजय धावत आली आणि तिनेच मला दाबलं. मी त्याच क्षणी सगळं थांबवलं. नणंदेची दोन बोटं तोवर गेली होती.

साहेब आले. चेहरा अगदी पडलेला. सोंग वठवावं तर त्यांनीच. "बटण दिलं होतं ना आम्ही? दाबायला मनाई होती का?"

"छे छे, साहेब," मुकादमाने री ओढली. "तिचाच निष्काळजीपणा."

भावजयीने नणंदेचा हात फडक्यात घट्ट धरला होता. तिने मान वर केली नाही. "मनाई नव्हती, साहेब. पण आता इथे जो तो आधी तुमच्या केबिनकडे बघतो, मग बटणाकडे. तुम्हीच शिकवलंत ते."

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि मुकादमाला अहवाल लिहायला सांगितलं.

आता मला नवा रंग दिला आहे. शेजारी साहेबांच्या हसऱ्या फोटोखाली 'आधी माणूस, मग माल' अशी पाटी आहे. येणारे पाहुणे ती वाचून माना डोलावतात. मला त्या पाटीची किळस येते, पण भिंत एकच, करणार काय?

तुम्ही कुठे नोकरी धरणार असाल तर एवढं माझं ऐका. पाट्या वाचू नका, साहेबांची भाषणं ऐकू नका. तिथे ज्याने पहिल्यांदा बटण दाबलं, तो माणूस आज कुठे आहे, तेवढं विचारा.