खोडीसकट

कपिलनं रागाच्या भरात एकदाच म्हटलं होतं, "इकून टाका ते धोंड." आणि त्याच्या बापानं, धोंडीबानं, तो शब्द खाली पडू दिला नाही.

झालं होतं असं. माण तालुक्यात बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. कपिल राहायला तासगावचा, पण त्याचा मुक्काम घरी कमी आणि मैदानावर जास्त. निकालाच्या रेषेवर कॅमेरे लावायचे, मांडवात मशीन उघडून बसायचं, आणि दोन गाड्या घासून आल्या की कुणाचं तोंड पुढं होतं ते थांबवून थांबवून पंचांना दाखवायचं. हे काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मोबाईलवर बघून, चुकून, परत बघून शिकला. मशीन म्हणजे लॅपटॉप. पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला, पाट्यासारखा रुंद आणि पाट्यासारखाच जड. बरोबर विटेएवढा चार्जर. पण चार कॅमेऱ्यांचं चित्रण एकदम ओढायचा. त्या दिवशी मात्र फायनलला उन्हानं तापला आणि बसला. पडदा काळा. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. मागनं कुणीतरी ओरडलं, "आरं त्याला पाणी पाजा, धापा टाकतंय ते."

घरी येऊन कपिलनं बॅग कॉटवर आपटली आणि तो शब्द बोलून गेला.

धोंडीबाला तेवढंच पाहिजे होतं. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी संपवलेला माणूस. त्याचं एक ठरलेलं होतं, माणसानं एका जागी बसून कमवावं. तासगावच्या स्टँडजवळ त्यानं गाळा बघून ठेवला होता. टेबल, टेबलावर डेस्कटॉप, शेजारी झेरॉक्स, पुढ्यात फिरती खुर्ची. "मी जल्मभर उभ्यानं गेलो," तो म्हणायचा, "तू तरी बस." लॅपटॉप विकला की कपिलच्या भटकण्याचं मूळच उपटलं जाणार होतं. त्यानं गिऱ्हाईक शोधलं, शब्द देऊन टाकला, आणि माणातल्याच यात्रेच्या बैलबाजारात भेटायचं ठरवलं.

मधल्या काळात कपिलचा राग कधीच उतरला होता. त्यानं मशीन खोललं, पंख्यात साचलेली मैदानाची माती ब्रशनं काढली, आतला उष्णता ओढणारा वाळलेला मलम खरवडून नवा लावला. चालू केलं. पुन्हा पहिल्यासारखं पळायला लागलं. पण हे बापाला सांगायचं राहून गेलं. सांगू सांगू म्हणत तो बापाबरोबर एसटीत बसला, आणि सांगू सांगू म्हणत बाजारात उतरला.

गिऱ्हाईक म्हणजे नानासो. बैलांचा दलाल, आणि इथल्या शर्यतीच्या कमिटीचा अध्यक्ष पण तोच. त्याची नात प्रियदर्शनी सांगलीला घरांचे नकाशे काढायच्या कॉलेजात होती. तिला दमदार मशीन पाहिजे होतं. आज ती पण आली होती. उन्हाला ओढणी डोक्यावर घेऊन एका खिलारी खोंडापासून जरा लांब उभी होती.

नानासोनं बाजेवर जागा करून दिली. कपिलनं मशीन ठेवलं तशी बाज करकरली.

"धोंडीबा, लेकराच्या अंगात दम दिसतोय," नानासो म्हणाला, "रोज उचलतोय म्हंजे."

"आता न्हाई उचलणार," धोंडीबा खुशीत म्हणाला. "आता दुकानात बसायचं हाय त्यानं."

प्रियदर्शनीनं झाकण उघडलं, चालू केलं. कॉलेजचा एक नकाशा पेनड्राईव्हवर आणला होता, तो टाकला. अख्खी इमारत पडद्यावर आली आणि तिनं बोट फिरवलं तशी गरागरा फिरायला लागली. तिच्या तोंडावर काय उमटलं ते नानासोनं बघितलं. जनावर बघणाऱ्यापेक्षा जनावर घेणाऱ्याचं तोंड बघायचं, हा त्याचा धंदाच होता. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, कपिलचा हात हातात घेतला आणि वरनं टॉवेल टाकला.

बैलाच्या बाजारात भाव तोंडानं करत नाहीत. टॉवेलाखाली बोटं धरायची. किती बोटं, कुठल्या पेरापर्यंत, ते ज्याचं त्याला कळतं, बघणाऱ्याला कळत नाही. कपिलला ही भाषा अजिबात येत नव्हती. नानासोनं त्याची दोन बोटं दाबली, मग एक सोडलं, मग परत दाबलं. कपिलला वाटलं, आता सांगूनच टाकावं, थांबा म्हणून. तोंडातनं शब्द फुटेना, म्हणून त्यानं नानासोचा पंजा आपल्या पंजानं घट्ट धरला. थांबा, या अर्थानं.

पंजात पंजा म्हणजे कबूल.

नानासोनं टॉवेल ओढला. "झाला व्यवहार," म्हणाला, आणि कुणाला काही कळायच्या आत शेजारच्या परातीतला गुलाल चिमटीनं उचलून मशीनच्या झाकणावर टाकला. विकलेल्या बैलाच्या पाठीवर टाकतात तसा. धोंडीबानं हात जोडले. आजूबाजूचे चार लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "नाना, वशिंड कुठाय ह्याला?"

कपिल उभा राहिला.

"नाना, खोडी सांगायच्या राहिल्या."

हसणं थांबलं. कारण हा त्या बाजाराचा कायदा होता आणि तो कपिलला मैदानावर फिरून फिरून माहीत झाला होता. हात मिळाला, गुलाल पडला, तरी विकणाऱ्यानं जनावराच्या खोडी सांगितल्याशिवाय दावं सुटत नाही. बैल मारका आहे का, बसका आहे का, पाण्याला बुजतो का, सगळं सांगायचं. ऐकून घेणारा नको म्हणाला तर व्यवहार मोडतो, आणि कुणाच्या नावाला बट्टा लागत नाही. कपिलचा बेत सरळ होता. एवढ्या खोडी सांगायच्या की म्हाताऱ्यानं स्वतःच हात झटकावा.

"सांग की," नानासो बाजेवर मांडी घालून बसला. "खोड ऐकायला आमी कवाबी तयार."

"लय जड हाय. बॅग, चार्जर धरून पाठीचा कणा सरकतोय. एसटीत वर टाकलं तर खालचा मानूस वर बघत बसतोय."

"चोर उचलत न्हाई जड चीज. हॉस्टेलात बरंच हाय."

"बॅटरी नावाला हाय. लाईट गेली की चहा हुईस्तोवर बी टिकत न्हाई."

"कॉलेजात भितीभितीला बटनं हायत. मी बगून आलोय."

"तापतंय. लॅपटॉप म्हंत्यात, पर मांडीवर घेतला तर मांडी भाजंल."

"मांडीवर कशाला घ्यायचा? मांडीवर पोरंसोरं घ्यावीत." लोक हसले. प्रियदर्शनीनं कपाळाला हात लावला.

"पंखा गिरणीगत वरडतोय. शेजारी कोन झोपला असंल तर शिव्या दील."

"ही कानात बोंडं घालूनच बसलेली असती. हाक मारली तरी ऐकत न्हाई, पंखा काय ऐकंल."

धोंडीबा पोराचा शर्ट मागनं ओढत होता. असलं विकणं त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. मालक माल पाडतोय आणि घेणारा चढवतोय. कपिल हटला नाही. त्यानं मोठी खोड काढली, खरी खोड.

"डेस्कटॉपचं एक बिघडलं तर एक बदलता येतंय. पडदा गेला, दुसरा आना. ह्याचं तसं न्हाई. सगळं एकात एक गुतलंय. एक खूर गेला की बैलच गेला समजा."

नानासो पुढं वाकला. दाढी खाजवली.

"ही मातूर खोड हाय," तो म्हणाला. "मग? गेलाय का कवा खूर?"

"न्हाई."

"कधीच न्हाई?"

"एकदा तापून बसलं व्हतं, तुमीबी बगितलंय. ते माझं चुकलं, माती साचली व्हती आत. साफ केलं, आता पळतंय."

"आन एवढी खोडील वस्तू तू इतकी वरसं पाठीवर घिऊन कशाला फिरलास? हलकं घ्यायचं."

"हलक्यात चार कॅमेरं चालत न्हाईत, नाना. हलकं म्हंजे पापड. दोन गाड्या घासून आल्या की पापड गोल गोल फिरत बसतोय आन तंवर हितं लोकांची डोकी फुटत्यात."

"मग टेबलावरचं घ्यायचं, धोंडीबा म्हंतोय तसं."

"टेबलावरचं टेबलावर बसतंय की. ते काय माणाला येनार हाय का? ह्ये मांडवात उघडलं की मांडव हाफिस हुतंय. द्राक्षबागंत उघडलं की बांधावर हाफिस. लग्नात सकाळी अक्षता पडत्यात आन जेवनाच्या पंगतीला नवरीला तिचंच लग्न पडद्यावर दावतो मी. पडदा ह्यो एवढा, आकडं टायपायची बटनं बी येगळी, बाजूला. आवाज करतंय म्हंजे काम करतंय. तापतंय म्हंजे..."

तो थांबला. सगळे त्याच्याकडं बघत होते. नानासोच्या मिशा हलत होत्या.

"खोडी संपल्या जनू," नानासो म्हणाला. "आता गुण चालू झालं. दलाली माझ्याकडनं घेनार का बापाकडनं?"

ह्यावर सगळा घोळका हसला, पण प्रियदर्शनी हसली नाही. तिनं पेनड्राईव्ह काढून मुठीत धरला.

"तुम्हाला विकायचंय का हे?" तिनं सरळ विचारलं.

सरळ प्रश्नाला कपिलकडं वाकडं उत्तर नसायचंच.

"न्हाई," तो म्हणाला.

"मग मघापासून खोडी कशाला सांगताय?"

"तुमी न्हाई म्हनावं म्हनून. चुकलं माझं. मीच म्हनाय पायजे व्हतं."

धोंडीबाचा चेहरा उतरला. "कपिल, शब्द दिलाय मी."

"शब्द तुमी दिला, आण्णा. पाठ माझी हाय."

नानासो आता हसत नव्हता. खोडीपायी व्यवहार मोडला असता तर गोष्ट वेगळी. हात देऊन, गुलाल पडल्यावर, नुसतं मन फिरलं म्हणून मोडणं, ते सुद्धा सगळ्या बाजारादेखत, हे त्याला लागलं. तो उठून उभा राहिला.

"ऐक रं. ह्या बाजारात हात दिऊन फिरनाऱ्याला जागा न्हाई. उद्याच्या मैदानात तुझं मशीन लागनार न्हाई. आन मी अध्यक्ष हाय तंवर परत कवाबी लागनार न्हाई. इकतोयस तर अजून येळ हाय."

कपिलला माणातलं हे मैदान लय जवळचं होतं. त्यात यात्रेची शर्यत म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी. हितंच त्याचं नाव झालं होतं आणि हितंच मागच्या वेळी गेलं होतं. उद्या ते परत मिळवायचं, म्हणूनच त्यानं एक एक स्क्रू काढून पंखा साफ केला होता. त्यानं एकदा बाजारापलीकडच्या मैदानातल्या रेषेकडं बघितलं. तिथं चुना टाकायचं काम चाललं होतं.

"नका लावू," तो म्हणाला. "पापडवाल्याला लावा. मी हात चुकून दिला, त्येची शिक्षा घेतो. पर ह्ये देनार न्हाई."

मग तो प्रियदर्शनीकडं वळला. "तुमाला खरं सांगू का? हॉस्टेलात एकाच जागी बसून नकाशं काढनार असाल तर डेस्कटॉप घ्या. तेवढ्याच पैशात जास्त दम मिळतोय, आन बिघडलं तर दुरुस्त हुतंय. रोज जिनं चढून वर्गात न्यायचं असंल तर हलकं घ्या आन मोठी कामं कॉलेजच्या मशीनीवर करा. दोनी पायजे असंल, आन शिव्या खायची तयारी असंल, तरच असलं घ्या."

"तिसऱ्या मजल्यावर वर्ग आहे," ती म्हणाली.

"मग न्हाई."

तिनं आजोबाकडं बघितलं. "आबा, चला. खोंड बघायचाय ना तुम्हाला." नानासोनं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि गर्दीत शिरला.

एसटीच्या थांब्यावर सावली नव्हती. बापलेक रस्त्याच्या कडेला उभे. धोंडीबा बराच वेळ खालचे खडे पायानं सरकवत होता.

"गाळ्याला व्हय म्हनून बसलोय मी," तो शेवटी म्हणाला. "आता त्या मानसाला काय सांगू?"

"सांगू नका काय. तुमी बसा गाळ्यात."

"मी?"

"झेरॉक्स काढा. फारम भरून द्या लोकांची. मी शिकवतो. खुर्ची तुमाला पायजे व्हती, आण्णा. मला कवा पायजे व्हती?"

धोंडीबा भडकेल असं कपिलला वाटलं. तो भडकला नाही. त्यानं तोंड फिरवलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "कलर झेरॉक्स बी निगती का रं त्याच्यात?"

"निगती."

"हं," एवढंच म्हणाला.

कपिलनं फोन काढला. कडेगावच्या बाजूला एक मैदान होतं, नवी कमिटी. तिथल्या सेक्रेटरीचा नंबर त्यानं लावला.

"तुमच्या मैदानाला निकालाचं मशीन लागतंय का?"

"कुटलं, ते बंद पडलेलं?" पलीकडचा हसला.

"व्हय, तेच," कपिल म्हणाला. "मांडवाला दुहेरी कापड पायजे, ऊन लागलं तर तापतंय. जनरेटर येगळा, त्याच्यावर लाऊडस्पीकर लावायचा न्हाई. टेबल लाकडी पायजे, प्लास्टिकचं वाकतंय. पंख्याचा आवाज हुतोय, तो हुनार. एवढं जमत असंल तर निकालाला भांडन ठेवनार न्हाई, ह्यो माझा शब्द."

पलीकडचा कुणाला तरी विचारत असावा. मागं बाजारातनं हलगीचा आवाज येत होता. कपिलनं बॅगेचा पट्टा एका खांद्यावरनं दुसऱ्यावर घेतला आणि कानाला फोन लावून थांबला. अट एकही कमी केली नाही.