तेरोची सतरंजी

नेलिदाने पदपथावरच्या कोपऱ्यातल्या टेबलाखाली जुनी सतरंजी अंथरली आणि बोटाने नुसती खूण केली. तेरोने सतरंजीवर पोट टेकलं आणि पुढचे पाय लांब केले. त्याला शिकवलेला नियम एकच होता. सतरंजी उचलली जाईपर्यंत जग बुडालं तरी हलायचं नाही.

"बसला खरा," उपाहारगृहाचा मालक ब्राउलिओ दारातून म्हणाला. "पण शेजारीणबाई, आपलं ठरलंय. एक जरी ताट फुटलं, तर हा कुत्रा पुन्हा माझ्या दारात नको."

"ठरलंय ना? मग फायना आण. कडा कुरकुरीत असू दे. आणि वाइन."

गेल्या हिवाळ्यात याच टेबलाशी घात झाला होता. गल्लीतले ढोल जवळून वाजत गेले, तेरो बिथरला आणि साखळीला गुंतलेलं टेबल काचसामानासकट रस्त्यावर ओढत घेऊन गेला. तेव्हापासून बंदी. नेलिदाला नव्हती, पण जिथे तेरोला मज्जाव, तिथे आपणही पाऊल टाकायचं नाही, हा तिचा हट्ट. मग तिने त्याला शिकवायला घेतलं. स्वयंपाकघरात पातेल्यावर लाकडी चमचा वाजवायचा, तेरो अंगणाच्या पार टोकाला. शांत राहिला की चीजचा तुकडा, आणि पातेलं थोडं जवळ. कान पाडले की पातेलं मागे. आता तो पातेल्याशेजारी घोरत असे. खऱ्या ढोलांची परीक्षा मात्र अजून व्हायची होती. ढोल रविवारी निघत, म्हणूनच तिने सोमवारची निवांत संध्याकाळ निवडली होती.

फायना आली. हरभऱ्याच्या पिठाच्या त्या भाजक्या पोळीचा खमंग वास तिने कितीतरी महिन्यांनी घेतला. एवढ्यात कोपऱ्यावर कुणीतरी शेकोटी पेटवली. कातडी तापून ताणली जावी म्हणून शेकोटीभोवती ढोल मांडले जाऊ लागले.

नेलिदाने काटा खाली ठेवला. "आज सोमवार ना?"

"काल पाऊस नव्हता का?" शेजारच्या टेबलावरचा ओमेरो हसला. तो इथलं रोजचं गिऱ्हाईक. "ओल्या हवेत कातडी सैल पडते. म्हणून आज. जन्म इथे गेला तुमचा, आणि एवढं विसरलात?"

गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. कुत्र्याचा बारीकसारीक विचार करताना ती आभाळाकडे बघायचीच विसरली होती.

"घरी जा हवं तर," ब्राउलिओ जरा मऊ आवाजात म्हणाला. "ही तुमची हार मी धरणार नाही."

तिचा हात सतरंजीच्या टोकाशी गेला. तेरो तिच्याकडेच बघत होता. तिने हात मागे घेतला.

"माझी फायना थंड होतेय," ती म्हणाली.

ढोल निघाले. आधी ग्लासातली वाइन थरथरली, मग टेबल. तेरोच्या पाठीवरची कातडी शहारली, नख्या सतरंजीत रुतल्या. नेलिदा बोटाने टेबलावर ठेका धरत राहिली, पातेल्यावर धरायची तसाच. ढोल अगदी समोर आले. तेरोने तिच्या बोटांकडे पाहिलं, एक लांब श्वास सोडला आणि हनुवटी पायांवर टेकली.

ब्राउलिओ ओमेरोसाठी भाजलेल्या मांसाचं ताट घेऊन येत होता. डोळे कुत्र्यावर होते, पाय पायरीला अडखळला. खळ्ळ! ताटाच्या ठिकऱ्या उडाल्या आणि मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा घसरत तेरोच्या नाकासमोर येऊन थांबला.

तेरोची लाळ गळली. त्याने तुकड्याकडे पाहिलं. नेलिदाकडे पाहिलं. हलला नाही.

"बाई, साखळी मालकाला बांधा!" ओमेरो ओरडला आणि सगळा पदपथ हसण्यात बुडाला.

"ताट फुटलं खरं," नेलिदा शांतपणे म्हणाली. "कुणी फोडलं, तेवढं बघून घे."

ब्राउलिओ कानापर्यंत लाल झाला. "तुकडा... देऊ त्याला?"

"थांब."

तिने वाइन सावकाश संपवली. ढोल वळणापलीकडे विरले, तेव्हा कुठे तिने सतरंजी उचलून घडी घातली. "घे, राजा."

तुकडा क्षणात नाहीसा झाला.

"उद्या हेच टेबल राखून ठेवू?" ब्राउलिओने विचारलं.

"उद्या नको," नेलिदा म्हणाली. "रविवारी ठेव. ढोलांच्या वेळेला."