खाली बसा की!

टेसचं बूड एका जागी टेकत नाही, हे क्लेगमूर गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. शाळेत टेकलं नाही म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मग एका दुकानात गल्ल्यावर बसवली, तिथं तिसऱ्याच दिवशी मालकाशी वाजलं. आता सतराव्या वर्षी ती कालव्याजवळ गाड्या धुवायची. पगार कमी होता, पाणी गार होतं, पण काम उभ्यानं होतं. बस म्हणणारं कुणी नव्हतं.

बस म्हणणारा एकच राहिला होता, तो नाइजेल.

नाइजेल तिच्याच गल्लीत राहायचा. शनिवारी गावच्या क्लबची फुटबॉल मॅच असली की नारिंगी जाकीट घालून मैदानातल्या टेकडी स्टँडच्या पायऱ्यांवर उभा राहायचा आणि लोकांना बसवायचा. म्हणजे तसा प्रयत्न करायचा. टेकडी स्टँडमध्ये निळ्या खुर्च्या होत्या, नंबर टाकलेल्या, पण बसतंय कोण? शिट्टी वाजली की पहिली रांग उठायची, पहिलीमुळं दुसरीला दिसायचं नाही म्हणून दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता अख्खा स्टँड उभा. खुर्ची नडगीवर आपटायची. गोल झाला की दोन-चार जण पुढच्या रांगेत कोसळायचे, नडगी सोलून घ्यायचे आणि हसत वर यायचे.

अख्ख्या स्टँडमध्ये बसलेला माणूस एकच. टेसचा आजोबा, क्लिफ एंटविसल.

क्लिफचा उजवा गुडघा वाकायचा नाही. म्हणून त्याची खुर्ची रांगेच्या टोकाला, पायऱ्यांना लागून, म्हणजे पाय बाहेर पसरता यायचा. टेस त्याच्या शेजारी. क्लिफला मैदानातलं काही म्हणता काही दिसायचं नाही. समोर नुसत्या पाठी. मग तो तिचा कोट ओढायचा.

"काय झालं?"

"काही नाही. आपल्या त्या गाढवानं चेंडू कालव्यात घातला."

"कालव्यात?"

"जवळजवळ. आता त्यांचा टकल्या निघालाय. हा गेला, हा गेला... पडला! अरे हातसुद्धा लावला नाही त्याला कुणी! नाटकी मेला! ऊठ!"

"पंच काय म्हणतोय?"

"पंच म्हणतोय की मी आंधळा आहे."

क्लिफ खूश होऊन थर्मासचं झाकण फिरवायचा. असं नव्वद मिनिटं चालायचं. टेसच्या तोंडाचा पट्टा सुटला की मागच्या रांगेतले लोकसुद्धा मॅच सोडून तिचं ऐकायचे.

आणि नाइजेल खालून यायचा.

"टेस, बस."

"सगळे उभे आहेत! मलाच का?"

"सगळ्यांना कुठं गाठू? तू टोकाला आहेस."

ती टोकाला होती ती आजोबाच्या गुडघ्यापायी, हे नाइजेललाही ठाऊक होतं. पण त्याला वरून दट्ट्या होता. त्या वर्षी टेसच्या नावावर दोन वॉर्निंग चढल्या. तिसरीला हंगामाचा पास रद्द, मग मॅच संपेस्तोवर फाटकाबाहेर.

त्यात कायदा बदलला. इतकी वर्षं मोठ्या मैदानांवर उभं राहायला बंदी होती, ती आता रेलिंग लावलं तर उठणार होती. क्लबनं ठरवलं, टेकडी स्टँडला लावायचं. प्रत्येक रांगेपुढं कमरेइतका लोखंडी दांडा, खुर्ची मागं दुमडून कुलूपबंद, एका खुर्चीच्या जागेत एकच माणूस. पण आधी त्या स्टँडच्या पासवाल्यांची सभा घेऊन हात वर करून मतं घ्यायची होती.

टेसच्या अंगात वारं शिरलं. ती आणि ढोल वाजवणारा डॅझ गावभर कागद चिकटवत फिरले. चिप्सच्या दुकानात, लाँड्रीत, नाइजेलच्या दारावरसुद्धा. फक्त एका माणसाकडं तिनं हा विषय काढला नाही. दर शनिवारी ती क्लिफकडं जायची, टोस्टवर बीन्स घालून दोघं खायचे, आणि रेलिंगचं नाव कुणी घ्यायचं नाही. कारण गुडघा.

गुडघ्याची गोष्ट क्लिफनं कधी सांगितली नव्हती, पण गावाला पाठ होती. तो विशी-बाविशीचा असताना टेकडी स्टँड म्हणजे नुसत्या काँक्रीटच्या पायऱ्या होत्या, मध्ये मध्ये गंजके दांडे. कपची मॅच होती. माणसं आत येतच राहिली. मागून रेटा आला, दांडा मोडला, आणि लोक पोत्यांसारखे एकावर एक पडले. मेलं कुणी नाही, नशीब. सगळ्यांत खाली क्लिफ होता.

सभा गुरुवारी क्लबच्या हॉलमध्ये झाली. बिअरचा आणि ओल्या कोटांचा वास. डॅझ बोलला, त्याला टाळ्या पडल्या. मग हार्ग्रीव्ह्ज उठला. हा निवृत्त पोस्टमास्तर, आवाज अजून खिडकीपलीकडून बोलल्यासारखा.

"या पोराटोरांना काय माहीत? जन्मली तरी होती का तेव्हा? मी पाहिलंय. माणसं चिरडलेली पाहिली आहेत मी. माझं सोडा, क्लिफला विचारा! क्लिफ, सांग यांना. पाय दाखव तुझा!"

हॉलमधली सगळी डोकी वळली. टेसनं डोळे मिटून घेतले. क्लिफ काठीवर जोर देत उठला. वेळ लागला.

"पाय दाखवायला लाज वाटते," तो म्हणाला. "मोजे दोन रंगांचे आहेत."

लोक हसले. हार्ग्रीव्ह्ज हसला नाही.

"उभं राहिल्यामुळं नाही झालं ते," क्लिफ म्हणाला. "दार उघडं टाकलं होतं आणि आत किती गेले ते बघायला कुणी नव्हतं. पाय जमिनीला लागत नव्हते आमचे. त्याला उभं राहणं म्हणत नाहीत. दांडा धड असता तर आज मी काठीशिवाय चालत आलो असतो. आता हे जे लावणार आहेत ते मजबूत आहे म्हणतात. असेल."

डॅझनं ढोलावर मारल्यासारखं टेबलावर मारलं. "ऐकलंत? ऐकलंत का?"

"थांब रे," क्लिफ म्हणाला. "मी हात वर करणार नाही."

"आता काय झालं?"

"मला नव्वद मिनिटं उभं राहता येत नाही, बाबा. तुमचं रेलिंग लागलं की खुर्चीला कुलूप. मला पाठवतील कालव्याच्या स्टँडला, त्या गुडघ्यांवर शाल घेणाऱ्यांच्यात. मला नाही जायचं. मला इथंच बसायचंय. एवढंच माझं. उगीच त्या मॅचचं निमित्त कशाला सांगू?"

हॉलमध्ये हसू पसरलं, कुणीतरी "बरोबर आहे म्हाताऱ्याचं" म्हणालं. टेसच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस ती त्याच्या दुखण्याला जपत होती, आणि हा म्हणतो, मला माझी खुर्ची हवी!

"तुला इथं दिसतं तरी काय?" ती ओरडली. "दोन वर्षांत एक गोल पाहिला नाहीस! तिकडं सगळं दिसेल तुला, पण नाही! लोकांच्या पाठीच बघायच्या असतील तर जा की बसस्टॉपवर जाऊन बस!"

बारमागच्या बाईनं ग्लास पुसायचं थांबवलं.

"बरं," क्लिफ म्हणाला, आणि बसला.

मग हात वर करायला सांगितले. टेसला पास वाचवायचा होता. तिसऱ्या वॉर्निंगनंतर तिचे शनिवार संपले असते, आणि शनिवार सोडला तर तिच्याकडं होतं काय? बादल्या आणि फडकी. तिनं हात वर केला. तिच्या एका हातानं काही फरक पडला नाही, जिकडंतिकडं हातच हात होते. पण क्लिफ तिला खेटून बसला होता. त्याला तो एकच हात दिसला असणार.

त्या उन्हाळ्यात दांडे आले. टेस दोनदा कुंपणातून बघून आली. क्लिफकडं जाणंही चालू होतं. दोघं बीन्स खायचे, शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलायचे, हवेबद्दल बोलायचे. फुटबॉलबद्दल अवाक्षर नाही. त्या घरात हे म्हणजे अबोलाच.

एकदा तिनं विचारलं, "नवा पास घेतलास?"

"घेतला. कालव्याकडचा. मधल्या रेषेवर आहे, चांगली जागा आहे."

"मी येऊ का तिकडं तुझ्यासोबत?"

"तू? बसून? नव्वद मिनिटं?" त्यानं बश्या उचलल्या. "मैदानच बंद करतील. राहू दे."

तिला एकदम सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. बशी धुताना तिनं ती इतकी जोरात आपटली की कड उडाली.

ऑगस्टमध्ये पहिली मॅच. दोघं नेहमीसारखे टेकडी उतरून गेले. फाटकापाशी क्लिफ म्हणाला, "चल," आणि डावीकडं वळला. तो दिसेनासा होईपर्यंत ती थांबली नाही. थांबली असती तर हाक मारली असती, आणि हाक मारून सांगण्यासारखं तिच्याकडं काही नव्हतं.

रेलिंग झकास होतं. हात टेकवायला, पोट टेकवायला, उडी मारायला. नाइजेल पायऱ्यांवर हात खिशात घालून उभा होता.

"काय रे, आता पोट कसं भरणार तुझं?"

"तोंड बघ हिचं," नाइजेल म्हणाला. "तिथंच उभी राहा म्हणजे झालं."

खेळ सुरू झाला. पाचव्याच मिनिटाला आपला नवा गोलकीपर स्वतःच्याच बुटाला अडखळून पडला. "हा बघ, बुटाची नाडी बांधायला आई आणली नाही वाटतं!" ती डावीकडं वाकून म्हणाली. डावीकडं एका अनोळखी माणसाचं कोपर होतं.

"काय?" माणूस म्हणाला.

"काही नाही."

अर्ध्या तासात असं तीनदा झालं. मग ती गप्प उभी राहिली. तिला इतकी गप्प बघून मागचा कुणीतरी म्हणाला, "बरं नाही का हिला?"

एक गोल खाल्ला होता. मॅच संपत आली तेव्हा आपल्याला कॉर्नर मिळाला, टेकडीच्याच बाजूला. चेंडू आला, चार-पाच जण एकमेकांवर चढले, कुणाच्या तरी अंगाला लागून चेंडू रेषेपलीकडं गेला. टेकडी फुटली. लोक दांड्यावर आदळले आणि जागच्या जागी राहिले, कुणी कुणाच्या अंगावर पडलं नाही. टेस घसा फुटेस्तोवर ओरडली आणि ओरडता ओरडताच कालव्याच्या स्टँडकडं वळली.

तिकडं सगळे बसून टाळ्या वाजवत होते, शाळेच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखे. मधल्या रेषेवर एकच माणूस उभा होता. काठी आभाळात. दुसरा हात पुढच्या माणसाच्या खांद्यावर, आणि तो पुढचा माणूस अंग चोरून घेत होता. टाळ्या थांबल्या, खेळ परत सुरू झाला, तरी क्लिफ उभाच. त्याच्या मागच्या रांगा हात हलवायला लागल्या. एक नारिंगी जाकीट पायऱ्या उतरून त्याच्याकडं निघालं.

"बसू नकोस!" टेस दांड्यावर पोट टेकवून ओरडली. "आजोबा, बसू नकोस!"

ऐकू जाणं शक्यच नव्हतं. बऱ्याच वेळानं क्लिफ बसला, आधी एक पाय पसरून, मग बाकीचा.

मॅच संपल्यावर ती पळत फाटकापाशी आली. तो भिंतीला टेकून उभा होता, चेहरा लाल.

"वॉर्निंग मिळाली," तो म्हणाला. मेडल मिळाल्यासारखा.

"काय सांगतोस!"

"लेखी. मागची बाई ओरडत होती, खाली बसा की! खाली बसा की! तिसरीला पास जातो म्हणे."

"तुला उभं राहता येत नाही ना?"

"नाहीच येत. मला वाटलं मी बसलेलोच आहे."

दोघं टेकडी चढायला लागले. बसस्टॉपपाशी त्याचा गुडघा बोलायला लागला, तो बाकावर बसला. टेस समोर उभी राहिली. बुटानं फुटपाथ उकरत म्हणाली, "त्या दिवशी सभेत मी जे बोलले ना, बसस्टॉपचं..."

"आलो की," क्लिफ म्हणाला. "बसलो की." मग काठी दोन पायांत उभी धरून तो म्हणाला, "तिथून सगळं दिसतं, तू म्हणालीस तसं. एकेक पास दिसला. शेजारचा माणूस अख्ख्या मॅचमध्ये दोनदा बोलला, दोन्ही वेळा 'माफ करा' म्हणाला. मला झोप यायला लागली होती. सांग."

"काय सांगू? पाहिलंस की सगळं."

"पहिल्यापासून सांग."

टेसनं नाक ओढलं. इकडंतिकडं बघितलं.

"पहिलं म्हणजे," ती म्हणाली, "आपण जो नवा गोलकीपर आणलाय, तो चालायला कधी शिकला हे मला कळायला हवं. कारण पाचव्या मिनिटाला..." आणि तिनं फुटपाथवर तो गोलकीपर पडून दाखवला. मग टकल्या झाली, पंच झाली. गोष्ट त्या कॉर्नर किकपर्यंत पोचली तोवर तिचा कोट काढून झाला होता.

"डॅझ ढोल वाजवतो त्या बाजूनं चेंडू आला, आपल्या लंबूनं छाती पुढं केली, आणि आत!"

"छाती कसली? हाताला लागला."

"मी दहा फुटांवर होते!"

"मी मधल्या रेषेवर होतो. हात होता."

"छाती!"

बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि वाट बघत राहिला. दोघांनी एकदमच त्याला हातानं जा म्हटलं.

"हात कुठं होता, दाखव," टेस म्हणाली. "ऊठ, उभा राहून दाखव."

"बसूनच दाखवतो," क्लिफ म्हणाला, आणि काठी बाजूला ठेवली.